अर्धा रंगवलेला पॅसेज

"रविवारी चारच्या सुमाराला येतो आम्ही. दारापर्यंत येतो, पुढचं बघू," लेक फोनवर एवढंच म्हणाली. आईनेही "बरं" एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की दोरा ओवलेली सुई अजून आपल्या चिमटीत तशीच आहे.

'दारापर्यंत' हा शब्द पोरीने उगाच वापरला नव्हता. वर्षापूर्वी ती कोर्टात लग्न करून आली आणि संध्याकाळी घरी सांगितलं, तेव्हा आई बोलून गेली होती, या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. राग चार दिवसांत उतरला. जावई चष्मे बनवणारा, शांत, पोरीला जपणारा. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि आईने ती बरीच शोधली होती. हळूहळू फोनवर बोलणं सुरू झालं. सर्दी-खोकला, भाजीचे भाव, सगळं निघायचं. ते एक वाक्य मात्र दोघी वळसा घालून टाळायच्या, रस्त्यावरचा खड्डा टाळावा तसं.

तोंडाने चूक कबूल करणं आईला कधी जमलं नव्हतं. हाताने काही करायचं असेल तर ती कंबर मोडेपर्यंत करील. ती पडद्यांच्या दुकानात शिवणाला होती, आणि गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची, "घर कसंही असो, आत शिरल्याबरोबर माणसाला बरं वाटलं पाहिजे." तेव्हा तिने ठरवलं, आपल्याला जे बोलता येत नाही ते दारातल्या पॅसेजलाच बोलू दे.

अडचण एवढीच, की पॅसेज तिच्या एकटीचा नव्हता.

बाहेरचं दार एकच. आत आलं की चिंचोळा पॅसेज. समोरून कुणी आलं तर एकाने पोट आत घ्यायचं. डावीकडे हिचं दार, उजवीकडे थोरल्या जावेचं. थोरली हॉस्पिटलातून रिटायर झालेली नर्स, गल्लीभर 'सिस्टर' म्हणूनच ओळखली जाणारी. तिचे यजमान गेलेले, मूलबाळ नाही. पोरगी निम्मी तिच्याकडेच वाढली, तिला 'मोठी आई' म्हणायची. आणि कोर्टातल्या लग्नात साक्षीदार म्हणून सहीसुद्धा या मोठ्या आईनेच केली होती. ते कळलं त्या दिवसापासून दोन्ही जावांचं बोलणं बंद.

बंद म्हणजे एकमेकींशी बंद. भिंतीशी बोलायला कुणाची हरकत नव्हती. "कुणीतरी नळ टपकत ठेवलाय," असं एक जण भिंतीला सांगायची, आणि दुसरी नळ बंद करून यायची.

आईने कामाला सुरुवात केली. दुकानात उरलेल्या पिवळसर कापडाची दिव्याला शेड शिवली, म्हणजे उघड्या बल्बचा डोळ्यांवर येणारा उजेड मऊ होईल. कपाटाच्या दारावरचा आरसा काढून डाव्या भिंतीवर लावला. सोफ्याच्या जाड तुकड्यांचं एक भलंमोठं पायपुसणं शिवलं. ते अंथरल्यावर पॅसेजभर पसरायला लागलं, म्हणून तिने ते बरोबर मधोमध दुमडलं. आपली हद्द ती आपली.

मग रंग. जर्दाळूसारखा फिकट, उबदार रंग तिने निवडला आणि डावी भिंत रंगवली. बाहेरच्या दाराच्या वरची पट्टी दोघींची, म्हणून तिथे मधोमध येऊन ब्रश थांबला.

नवरा कामावरून आला आणि मान वर करून बघत राहिला.

"हे काय? न्हाव्याकडे निम्मी दाढी करून पळून आलेला माणूस दिसतोय."

"पुढची निम्मी माझी नाही."

"अगं, पण पाहुण्यांनी एका डोळ्याने बघत यायचं का?"

तेवढ्यात थोरली दार उघडून बाहेर आली. तिने रंगाकडे पाहिलं आणि आपल्या कळकट भिंतीला म्हणाली, "शेजारणीचं अर्धं अंग गुलाबी झालंय. लक्षण बरं नाही." आणि दूध आणायला गेली.

"गुलाबी नाही, जर्दाळू," हिने आपल्या भिंतीला सांगितलं.

रविवारी दुपारी सगळं आवरून ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि पाहुण्यासारखी दारातून आत बघायला लागली. डावीकडे शेड, आरसा, रंग. उजवीकडे पोपडे आलेली भिंत, छत्र्यांचा ढीग आणि थोरलीचं जुनं बाकडं. मधून सुरीने कापावी तशी रेघ. इतकी मेहनत करून तिने नेमकं काय सजवलं होतं, ते तिला पहिल्यांदाच दिसलं. भांडण. पोरीच्या नजरेस दारातच पडणार होतं ते.

ती आत आली. ब्रश घेतला, डबा घेतला, आणि उजव्या दारावर टकटक केली.

थोरलीने दार उघडलं. दोघी उभ्या. मध्ये भिंत नव्हती, त्यामुळे बोलायची पंचाईत झाली.

"तुमची बाजू रंगवू का?" हिने विचारलं.

"चारला येणार ना ती? ओलीच राहील."

"राहू दे ओली."

थोरलीने पदर खोचला. दोन ब्रश चालायला लागले. भिंत निम्मी झाली.

"मला सांगायचं होतंत ताई," शेवटी हिने म्हटलं.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस तिला?"

हिने विचार केला. "नाही."

"मग?" थोरली कोपऱ्यात ब्रश दाबत म्हणाली, "ती जाणार होतीच. तिच्या सहीखाली घरचं कुणीतरी असावं, म्हणून गेले मी. तुझ्या विरुद्ध नव्हते गेले."

हिने छत्र्या उचलून आत नेल्या. बाकड्याला हात घातला, तशी थोरली म्हणाली, "ते नाही हलायचं."

"रंगाला शोभत नाही ते."

"न शोभू दे. शाळेचे बूट तिथे बसून घालायची ती. अर्धा तास लावायची."

बाकडं राहिलं. दुमडलेलं पायपुसणं थोरलीने पायाच्या अंगठ्याने उलगडून पॅसेजभर पसरलं. "एवढं कापड वाया घालवत होतीस," म्हणाली.

शेवटचा हात मारून ब्रश धुतायत तोवर बाहेर रिक्षा थांबली.

पोरगी दारात आली. मागे जावई, हातात पिशवी. उंबऱ्याबाहेर दोघं थांबली. पोरीने शेड पाहिली, आरसा पाहिला, दोन्ही भिंती पाहिल्या.

"छान केलंय," ती म्हणाली. पण पाय उचलला नाही.

"रंग ओला आहे, जपून," आई म्हणाली.

"हो."

"शेड मीच शिवली."

"दिसतंय."

"पायपुसणंही."

सगळ्यांनी पायपुसण्याकडे पाहिलं. पोरीने मग थोरलीकडे पाहिलं. मोठ्या आईने 'ये गं' म्हटलं असतं तर ती आली असती. उजव्या दाराला तशी बंदी नव्हतीच. थोरलीला ते कळत होतं. ती ब्रशचे केस एकेक तपासत राहिली, जसं काही त्यातच जीव अडकलाय.

आईला कळून चुकलं, की भिंत बोलणार नाही. पायपुसणंही नाही.

"मी तेव्हा बोलले ते चुकीचं बोलले," ती म्हणाली. "पाऊल ठेव. तुम्हीही या."

पोरीने पाऊल ठेवलं. आत येऊन ती सवयीने तडक बाकड्यावर बसली आणि सँडलचा पट्टा काढायला वाकण्याआधी नेहमीसारखी मागे रेलली.

"अगं, भिंत," दोघी जावा एकदम म्हणाल्या.

उशीर झाला होता. पोरीच्या कुर्त्याची पाठ जर्दाळू झाली आणि भिंतीवर पाठीएवढा डाग उमटला. जावयाने चष्मा सारखा करून दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि फार गंभीरपणे म्हणाला, "रंग एकदम जुळलाय."

पोरगी हसायला लागली. दारापर्यंत आलेल्या पाहुणीचा कुर्ता आता भिजत घालायला हवा होता, वाळायला हवा होता, आणि तोवर तिला आईचा कुर्ता घालून आत बसणं भाग होतं. जावयालाही मग जेवूनच जावं लागलं.

तो डाग अजून तसाच आहे. नवरा कधीतरी म्हणतो, एक हात मारून टाक तिथे. आई म्हणते, डबा त्याच दिवशी संपला. आणि तसा रंग आता मिळत नाही, असं थोरली तिच्या वतीने ठणकावून सांगते. दुकानात मिळतो का, हे दोघींनीही जाऊन पाहिलेलं नाही.