आबांचा जुना संगणक आणि डब्याएवढा नवा

मित्रांनो, समर्थनगरातल्या एका घरात, हॉलच्या कोपऱ्यात, तोंड टेबलावर आणि धड टेबलाखाली अशा थाटात मी सतरा वर्षं उभा आहे. मी जुना संगणक आहे हे मला मान्य आहे. पण गेल्या दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात मला जे धक्के बसले, ते सगळ्या आयुष्यात बसले नव्हते. अजून मी पुरता सावरलेलो नाही, तेव्हा सांगताना थोडं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

पहिला धक्का गुरुवारी सकाळी बसला. घरची सून अंबिका फोनवरचं एक चित्र सगळ्यांना दाखवत होती. "हा बघा नवा डेस्कटॉप. पोळ्यांच्या डब्याएवढा आहे. आवाज नाही, वीज कमी लागते, आणि टेबलाखालची ती पेटी निघाली की झाडू तरी नीट फिरेल."

पेटी म्हणजे मी. तिचे सासरे आबा एकटेच "नको, आहे तो पुरे" म्हणाले. मी सुन्न झालो. डब्याएवढा तोही संगणकच असेल, तर माझ्या एवढ्या मोठ्या अंगात इतकी वर्षं भरलं होतं तरी काय, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

माझा जन्म उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या दुकानात झाला. एकेक भाग जोडून, स्क्रू पिळून मला उभं केलं गेलं. अंबिकेचा नवरा हिमांशू तेव्हा इंजिनिअरिंगला होता, त्याच्यासाठी मी रिक्षात बसून इथं आलो. दोन-तीन वर्षं त्यानं माझ्यावर अभ्यास कमी आणि गाड्यांच्या शर्यती जास्त केल्या. पुढं त्याला नोकरी लागली, लॅपटॉप मिळाला, आणि मी त्याच्या वडिलांच्या, म्हणजे श्रीनिवास आबांच्या वाट्याला आलो. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

आबांना मोडी वाचता येतं. मोडी म्हणजे जुन्या काळी कारभाराचे कागद जिच्यात लिहीत ती वळणावळणाची लिपी. आबांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कारकुनी होती, त्यामुळं ते वडिलांच्या मांडीवर बसून ती शिकले. वैजापूर, पाचोड, पिशोर, कुठून कुठून माणसं कॅरीबॅगेत गुंडाळलेले तपकिरी कागद घेऊन येतात. आबा भिंग धरून वाचतात आणि सगळं साध्या मराठीत माझ्यावर टाइप करतात. टायपिंग ते टाइपरायटरवर शिकलेले, म्हणून दुकानदारानं तशाच कळांचा एक जुना फॉण्ट मला बसवून दिला होता. अशी अकराशेच्या वर वाचनं माझ्यात साठली आहेत. आबांचे तीन सत्कार झाले, तीन शाली मिळाल्या. मला शाल कोण देणार? पण आबा मला विसरले नाहीत. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला ते मला टेबलाखालून काढून पाटावर बसवत. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आपट्याचं पान आणि मूठभर अक्षता माझ्या डोक्यावरच्या जाळीवर वाहत, आणि सगळं घर मला नमस्कार करी. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं वाटायचं.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र मी अधूनमधून आपोआप बंद पडू लागलो होतो. दिवाळीनंतर तर पाच मिनिटं धड चालेना. अंग तापायचं, पोटात काहीतरी अडायचं आणि डोळ्यांसमोर अंधार. हे म्हातारपण आहे असं मीच ठरवून टाकलं होतं, मग घरच्यांना दोष कसा देऊ?

त्याच गुरुवारी दुपारी पिशोरहून सांडू आला. त्याचे वडील कडुबा बारा वर्षांपूर्वी विहिरीचा एक कागद वाचून घ्यायला आबांकडे आले होते.

"काका, त्यो कागद वाळवीनं खाल्ला," सांडू म्हणाला. "तुमी वाचून दिलेली पानं बी बापाच्या माघारी कुठं गेली, ठावं नाय. रविवारी आमी पाची भाऊ इहिरीवर बसणार हाव. पाण्याच्या पाळ्या पंजोबानं लावून दिल्यात, पन कुनाची किती त्ये कोनालाच माहीत नाय. धाकला म्हन्तो, कागद दाखवा, नायतर मी इहिरीला कुलूप घालतो."

"बस सांडू. आहे माझ्याकडं," आबा म्हणाले आणि विश्वासानं माझं बटण दाबलं.

आठ पानं होती. मी जिवाच्या आकांतानं चाललो. दीड पान छापून झालं आणि मी बंद पडलो. परत सुरू केलं, परत बंद. पाचव्या खेपेला तर मी पहिल्या पडद्याच्या पुढंही गेलो नाही. सांडू ते दीड पान हातात धरून माझ्याकडं बघत होता, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"लई थकलंय मशीन तुमचं," तो हळूच म्हणाला. "शनवारी येतो पुन्हा."

शुक्रवारी हिमांशूनं युक्ती केली. मी मिनिटभर चाललो तेवढ्यात त्यानं ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपवर उघडली. आम्ही सगळे पाहत राहिलो. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, प्रश्नचिन्हं यांचा नुसता चिवडा. माझा तो जुना फॉण्ट फक्त माझ्यावरच चालायचा, आणि तो देणारं दुकान कधीच बंद झालं होतं.

"म्हणजे हा गेला की सगळंच गेलं?" अंबिकेनं विचारलं. तिचा आवाज एकदम उतरला होता. आबा भिंग पुसत बसले. अकराशे घरांचे कागद माझ्या पोटात होते आणि ते वाचता येणारा दुसरा कोणीच नव्हता. मी इतका महत्त्वाचा आहे हे कळण्याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त भीती वाटली.

शनिवारी सकाळी टी.व्ही. सेंटर भागातल्या दुकानातून मोनाली आली. ती मूळची पाचोडची, संगणक विकते आणि दुरुस्तही करते. तिनं पिशवीतून तो डब्याएवढा नवा काढून माझ्याच टेबलावर ठेवला. खरंच डब्याएवढा होता. मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"घ्यायचा की नाही ते नंतर ठरवू," अंबिका म्हणाली. "आधी याला उघडून बघ. एक फाइल जरी निघाली तरी पुष्कळ आहे."

मोनालीनं माझ्या कुशीचे स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला आणि ती तशीच थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "काका, रागावू नका, पन ह्ये मशीन हाय का कणगी?"

तिनं खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि ब्रशनं एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. तांदूळ. पिवळे तांदूळ, लाल तांदूळ, वर्षानुवर्षांचे तांदूळ. हळदीचे गोळे. झेंडूच्या पाकळ्या धुळीत मळून त्यांची गादी झाली होती आणि तिनं माझ्या मेंदूवरचा पंखा गच्च धरून ठेवला होता. पंख्याच्या पात्यात आपट्याचं एक पान अडकलेलं होतं. मोनालीनं ते चिमटीत धरून आबांना दाखवलं.

"मी रोज मशिनी खोलते. झुरळं निघत्यात, एकदा पाल निघाली. देवघर आजच पाह्यलं. पंखा फिरत नाय, मशीन तापतं अन् बंद पडतं. बाकी काई झालेलं नाय याला."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? ज्या अक्षतांनी मी फुलून जायचो त्याच माझा श्वास कोंडत होत्या. त्या जाळीतून टपटप आत पडताना मला टोचायच्या, आणि मी समजायचो, हा आपला मान आहे. आबा खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाले, "दरवर्षी मीच वाहत होतो गं."

दुपारपर्यंत मला नवा पंखा बसला. मी सुरू झालो तेव्हा इतकं हलकं वाटलं की माझाच मला विश्वास बसेना. सांडू आला, आठच्या आठ पानं छापून निघाली. आबांनी त्याला ती मोठ्यानं वाचून दाखवली. सांडूनं पानं सदऱ्याच्या आत ठेवली आणि पिशोरची एसटी गाठायला धावतच गेला. सोमवारी त्याचा फोन आला. पाळ्या ठरल्या होत्या. "धाकला म्हनला, पंजोबाचं लिखान हाय तर मग मी कोन कुलूप घालनार?"

पण खरा धक्का त्याच्या आधी, शनिवारीच बसला होता. सांडू गेल्यावर अंबिका मोनालीला म्हणाली, "मग हा नवा परत घेऊन जा. आमचा आहे तो ठणठणीत आहे." मोनाली हसून नवा पिशवीत घालू लागली. मी मनातल्या मनात नाचत होतो. तेवढ्यात आबा बोलले.

"नको. ठेव तो. घ्यायचा आहे."

सगळे चमकले. मी तर हबकलोच. तीन दिवस माझी बाजू घेणारा हाच एक माणूस होता.

"आबा, तुम्हीच नको म्हणत होता ना?" अंबिकेनं विचारलं.

"म्हणत होतो. माया होती याच्यावर. आज बघितली ती माया." आबांनी वर्तमानपत्रावरच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "पूजा केली, पण आत काय चाललंय ते एकदाही पाहिलं नाही. हा आता दोन वर्षं चालेल, चार चालेल. तोवर याच्यातलं सगळं बाहेर काढून नव्यात ठेवायला हवं." मग ते सुनेकडं वळले. "आणि अंबिका, माझंही तेच झालंय. सण आला की सगळे माझ्या पाया पडता. तीन शाली आहेत कपाटात. मोडीची एक ओळ मात्र या घरात कुणाला येत नाही. मीही कधी कुणाला बोलावून बसवलं नाही, चूक माझीही आहेच. पण मी शहात्तरचा आहे."

अंबिकेनं पदर डोळ्यांना लावला. हिमांशू खाली बघत होता.

मोनालीनं सांगितलं की जुना मजकूर नव्या अक्षरांत बदलून घेता येतो, पण जोडाक्षरं बिघडतात, म्हणून ओळ न् ओळ माझ्या पडद्याशी ताडून बघावी लागेल. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी शेजारी चालतो, मी आणि तो डब्याएवढा. तो शांत आहे, मुलगा वाईट नाही. मी दाखवतो, तो लिहून घेतो. आजवर दोनशे झाली, नऊशे बाकी आहेत.

ताडून बघायला आबांची नात, हिमांशू-अंबिकेची मुलगी स्वराली बसते. ती सहावीला आहे. पहिल्याच संध्याकाळी तिनं माझ्या पडद्यावरून नजर काढली, आबांच्या समोरचा पाचोडचा एक मूळ कागद स्वतःकडं ओढला आणि एका वळणावर बोट ठेवलं.

"आबा, हे अक्षर कोणतं?"

आबांनी भिंग खाली ठेवलं आणि तिची खुर्ची जवळ ओढली. इतक्या वर्षांत त्या टेबलाशी शेकडो माणसं बसली. कागदात काय लिहिलंय, हे सगळ्यांनी विचारलं. ते कसं वाचायचं, हे आबांना कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, आबांसारखं एखादं माणूस असेल. नमस्कार जरूर करा, आम्हाला तो आवडतो. पण नमस्कार झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. आम्ही चालू आहोत तोवर शेजारी बसा आणि आमच्यात काय आहे ते विचारून घ्या.