जोगजातला होकार

आमच्या जोगजात डावं-उजवं कोणी म्हणत नाही. उत्तरेला मेरापी डोंगर, दक्षिणेला समुद्र, मधोमध सुलतानाचा राजवाडा. एवढं समजलं की शहर समजलं. घरातसुद्धा आम्ही "जरा दक्षिणेला सरक" असंच म्हणतो आणि समोरचा बरोबर सरकतो. काही वर्षं अख्ख्या देशाची राजधानी इथे होती. तेव्हा आलेल्या मंत्र्यांनीही अशीच घरं शोधली असणार.

म्हणून थोरल्या भावाने, जुमादीदादाने, माझ्या नवऱ्याला पाहुण्यांच्या मुक्कामी धाडून पत्ता कळवला तो असा: राजवाड्यामागच्या जोडवडांपासून पश्चिमेला, विहिरीपाशी उत्तरेला, मग पूर्वेकडचं निळ्या दाराचं घर. पाहुणे मेदान शहराचे, समुद्रापलीकडचे. बापाक हाराहाप आणि त्यांच्या पत्नी, इबू, दादाच्या लेकीला, आमच्या वेनिंगला मागणी घालायला आले होते. आमच्याकडे मानाने पुरुषाला बापाक म्हणतात, बाईला इबू. कामानिमित्त सुराबायाला गेलेला मुलगा रिदवान तिथून दुपारच्या गाडीने येणार होता. घर त्याच्या पायाखालचं, पण बापाक म्हणाले, "मागणी बाप घालतो. वाटाड्या कशाला?"

आणि नेमका त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं. डोंगर दिसेना.

सकाळ गेली, जेवणवेळ टळली, पाहुण्यांचा पत्ता नाही. रिदवान येऊन पोचला तरी आईबाप नाहीत. गल्लीत तेव्हा फोन नव्हता. दिवस दादाने दोघांच्या जन्मवारांवरून काढलेला, आणि आमच्याकडे दिवस मावळतीला संपतो. तो हुकला की पुढचा जुळणारा दिवस वर्षभराने. दोन वर्षं वाट बघितलेली वेनिंग स्वयंपाकघरात फणसाचं गुडेग उगाच ढवळत बसली होती.

"ज्यांना घर सापडत नाही, ते माझी पोर काय सांभाळणार?" दादा म्हणाला. अगदी हळू म्हणाला, कारण दादा सगळंच हळू म्हणतो. त्याचं खरं दुखणं मला ठाऊक होतं. पोर एकुलती आणि मेदान लांब.

वेनिंगने माझा हात धरला. "बुलिक, तू जा ना शोधायला. बाबा वर्षभर थांबवतील गं मला!"

एवढी मोठी पोर आत्याचा हात धरून रडवेली होते म्हटल्यावर काय करणार? मी सायकल काढली.

वडांपाशी सायकलरिक्षावाला भेटला. "मोठ्याने बोलणारे ना? मी त्यांना नीट सांगितलं, उत्तरेला जा म्हणून. ते म्हणाले, डावीकडे का उजवीकडे? आता हे मला कसं ठाऊक असणार?"

"मग?"

"मग हसलो. ते पण हसले आणि दक्षिणेला गेले."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"इतके खुशीत चालले होते, इबू, टोकायचं तरी कसं?"

पुढे अख्ख्या वाटेवर हीच कथा. चहावालीने त्यांना चहा पाजून पूर्वेला लावलं होतं, टोप्या विणणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या खुर्चीवर बसवून घेतलं होतं. चुकलात असं एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं. शेवटी दक्षिणेच्या वस्तीत एका घरातून गडगडाटी आवाज ऐकू आला, "तुमच्या गावात मिरची मिळत नाही का हो?" आणि मी ब्रेक दाबला.

दार निळंच होतं. चटईवर बापाक हाराहाप ऐसपैस बसले होते, शेजारी त्यांच्या इबू. दोघांचं भरपेट जेवण झालेलं. ओसरीवर आणखी एक कुटुंब नटूनथटून, हातात मिठाईची ताटं घेऊन गप्प बसलं होतं. घराचे मालक बापाक विर्यो घाम पुसत माझ्यापाशी आले.

"तुम्ही यांच्या कोण?" ते पुटपुटले. "आमच्याकडे पण आज मुलीची मागणी आहे हो. नवऱ्याकडच्यांना आधी कधी पाहिलेलं नव्हतं. हे आले, आम्ही बसवलं. मला सारखे जुमादी म्हणतात."

"मग सांगायचं नाही?"

"पाहुण्याची चूक तोंडावर कशी काढायची? त्यात खरे पाहुणे आले, त्यांना ओसरीवर बसवलं. आणि या गृहस्थांनी..." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "मुलगी मागितली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"घास होता हो त्यांच्या तोंडात! हो म्हणालो."

आतून मुलीचे हुंदके ऐकू येत होते. ओसरीवरच्या मंडळींनी सगळं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. आमच्या माणसांचा मला इतका राग आणि इतकं प्रेम एकदम कधी आलं नव्हतं.

मी पुढे होऊन हात जोडले. "बापाक हाराहाप, रंगीत तालीम झकास झाली. आता खऱ्या प्रयोगाला चला. मी वेनिंगची आत्या. जुमादीदादा आमच्या घरी वाट बघतोय."

बापाकांनी माझ्याकडे पाहिलं, विर्योंकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं. त्यांच्या इबूंनी पदर तोंडाला लावला. मग बापाक असे हसले की छपरावरची कबुतरं उडाली. ओसरीवरचे हसले, विर्यो हसता हसता खाली बसले, मुलगी दारातून डोकावली. विर्योंनी बापाकांनी दिलेली मेदानची भेटवस्तू परत केलीच, वर चिकटभाताच्या वड्या बांधून दिल्या.

घरी पोचलो तेव्हा उजेड उतरणीला लागला होता. रिदवान अंगणात येरझारा घालत होता. बापाकांनी चप्पल काढता काढताच मागणी घातली.

दादा मान लववून हळूच म्हणाला, "हो. आमचं भाग्य."

बापाक चटईवर बसलेले, पुन्हा उठले. "नाही. असं नाही चालायचं."

वेनिंग दाराला खिळली.

"दुपारी एका भल्या माणसाने मला असंच हो म्हटलं," बापाक म्हणाले. "अगदी याच आवाजात. मला जेवताना दुखवायला नको म्हणून आपली मुलगी द्यायला निघाला होता तो! तुमचं हो कशासाठी आहे, जुमादी? माझं मन राखायला असेल तर मी आत्ता निघतो. मुलाचा संसार मला कोणाच्या सभ्यपणावर नाही उभा करायचा."

दादाचे ओठ हलले. समोरच्या मशिदीत मावळतीचा ढोल वाजवायला कोणीतरी गेलेलं दिसत होतं. मी मनात म्हणत होते, बोल रे, जन्मात एकदा बोल.

दादा उठला.

"हो!" तो ओरडला. साठ वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "दिली! लांब जाणार म्हणून सकाळपासून जीव तुटतोय माझा! तुम्ही वाट चुकलात तेव्हा बरं वाटलं मला, बरं! पण तिला तुमचाच मुलगा हवाय आणि मलाही तोच हवाय! दिली म्हणतो ना!"

"आता कसं!" म्हणत बापाकांनी त्याला मिठीत ओढलं, तेवढ्यात ढोल वाजला. दादा त्यांच्या खांद्यावर मोठमोठ्याने रडत होता, वेनिंग धावत येऊन दोघांना बिलगली होती. आवाज ऐकून सगळी गल्ली दारात आली होती, आणि काय झालं हे कोणाला विचारावंही लागलं नाही.