न लागलेले दिवे

या मित्रांनो, जवळ या. लांब उभे राहिलात तर माझा आवाज पोचायचा नाही. इथे, चाकापाशी टेकून बसा. तुम्हाला एक गोष्ट सांगते. गोड नाही, पण खरी आहे, आणि खरी गोष्ट मन लावून ऐकली की ऐकणाऱ्याचंही भलं होतं, अशी माझी श्रद्धा आहे.

मी एक जुनी मोटार आहे. रंग कधीकाळी आकाशी होता. मागच्या अंगाला हा जो राखाडी पट्टा दिसतो तो रंग नव्हे, रंगाआधीचा हात आहे. त्यावर रंग चढलाच नाही. का, तेच सांगायचं आहे.

मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे ठिणग्यांच्या पावसात माझे पत्रे जोडले गेले. पहिल्या मालकाने मला मिरवलं, दुसऱ्याने राबवलं, आणि तिसऱ्याच्या दारात मी आले ती कायमची. हा तिसरा मालक सुतार. घरात त्याला सगळे बाबा म्हणत. त्याची बायको शिवणकाम करी. शिवलेले कपडे माझ्या डिकीत घालून दोघं घरोघर पोचवायला निघत. बाई मागच्या सीटवर बसून हलक्या आवाजात देवाचं गाणं म्हणत आणि बाबा हातातल्या चाकावर बोटाने ठेका धरत. मित्रांनो, त्या दिवसांत मला इंधन कमी लागत असावं.

पुढे मुलाचं लग्न झालं. तो दूरच्या कामावर असे, पण घरात सून आली. बाबांनीच तिला गाडी शिकवली. "गाडीला घाबरायचं नाही पोरी, गाडीने आपल्याला घाबरायचं," असं ते म्हणत. ती हसे, आणि मला इतकं सांभाळून वळवी की माझे सांधेसुद्धा कुरकुरत नसत.

एका दुपारी ती सासूला घेऊन निघाली होती. एक म्हातारे गृहस्थ इकडेतिकडे न बघता रस्त्यात उतरले. सुनेने ब्रेक दाबला. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबले. आणि मागून टेम्पो येऊन माझ्या पाठीत शिरला.

डिकी दुमडली, मागचा पत्रा आत गेला, दिवे फुटले. मागे बसलेल्या बाईंच्या मानेला असा हिसका बसला की उजव्या हाताची बोटं बधिर झाली. नंतर मानेला पट्टा आला, औषधं आली, पण बोटं काही परतली नाहीत. सुईत दोरा ओवता येईना. शिवणयंत्रावर कापड घालून झाकून ठेवलं.

बातमी ऐकून बाबा तिथे पोचले तेव्हा टेम्पोवाला शपथेवर सांगत होता, "काका, हिचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही हो."

बाबा त्याच्या अंगावर धावून गेले होते. "ठोकतोस आणि वर खोटं बोलतोस?"

घरात मात्र दोष सुनेच्या माथी बसला. बाई उठता बसता बोलत. "असा दचकून ब्रेक दाबतात का? हिच्या पायाला धीरच नाही." सून खाली मान घालून सासूची वेणी घाली, घास भरवी, आणि ऐकून घेई. माझ्याकडे ती फिरकेनाशी झाली. अंगणात कपडे वाळत घालतानासुद्धा लांबून वळसा घेई.

गॅरेजवाल्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "काका, हिच्या बरोबरच्या गाड्यांचे आता खिळे झालेत. भंगारात द्या."

"तुझ्या आजोबांना देतोस का?" बाबा म्हणाले, आणि मला घरी घेऊन आले.

अंगणातल्या झाडाला त्यांनी साखळी बांधली, तिचं दुसरं टोक माझ्या दबलेल्या पत्र्यात अडकवलं, आणि पहिल्या गियरात मला हळूहळू पुढे नेलं. माझी पाठ माझ्याच जोराने ओढून काढली. फार दुखलं, पण सरळ झाले. मग ते डिकीत शिरून आतून लाकडी हातोड्याने ठोकत. बाहेरून तळहात फिरवून बघत, पुन्हा ठोकत. खड्डे पुट्टीने भरले, घासले, राखाडी हात दिला. शेवटी भंगारातून माझ्याच जातीचे दिवे शोधून आणून बसवले.

सगळे लागले, फक्त ब्रेकचा लागेना. बाबांनी सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची पट्टी ठोकून ब्रेक दाबून ठेवला आणि मागे येऊन बघितलं. अंधार. बल्ब बदलला, तरी अंधार. मग विजेरी घेऊन पेडलापाशी डोकं घातलं, आणि तिथेच थांबले.

एक तार सुटी लोंबत होती. तिला काळी टेप गुंडाळलेली होती, आणि काढताना सापडावं म्हणून टेपच्या टोकाची छोटी घडी घातलेली होती. अशी घडी घालणारा त्या घरात एकच माणूस होता.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. फार पूर्वी पेडलाजवळचं, पाय उचलला की दिवा बंद करणारं रबर झिजून पडलं. मग ब्रेकचे दिवे उभ्या गाडीतही जळत राहायचे आणि बॅटरी उतरायची. "रबर आणलं की जोडू," म्हणत बाबांनी ती तार काढून ठेवली. रबर आणायचं राहून गेलं. देवाने मला चार चाकं दिली, दोन डोळे दिले, पण तेव्हा वाचा दिली नव्हती. टेम्पोवाल्याची शपथ ऐकताना मी नुसती उभी होते.

त्यानंतर कितीतरी दिवस बाबा माझा एकच कोपरा घासत राहिले. तो कधीच गुळगुळीत झाला होता. घरातून बाईंचे शब्द ऐकू आले की त्यांचा हात आणखी जोरात चाले. माणूस मनातलं घासायला पत्रा शोधतो, दुसरं काय.

मग एका संध्याकाळी त्यांनी नवं रबर बसवलं, तार जोडली आणि सुनेला हाक मारली. "पोरी, जरा आत बस. ब्रेक दाब. मागून बघायला दुसरं माणूस लागतं."

"मला नाही जमायचं बाबा."

"गाडी चालू नाही करायची. नुसता दाब."

ती बसली. तिने दाबला, आणि आरशात तिला बाबांचा पांढरा शर्ट लाल झालेला दिसला. बाबा पुढे आले, वाकून तार ओढून काढली, पुन्हा मागे गेले. "आता दाब."

शर्ट पांढराच राहिला.

"त्या दिवशी असंच होतं," बाबा म्हणाले. "ही तार मी काढली होती. मी विसरलो, आणि बोलणी तू खाल्लीस."

तिने वाकून त्या सुट्या तारेकडे बघितलं. "तो टेम्पोवाला खरं बोलत होता मग."

"हो."

"आईंना सांगाल?"

बाबा आत गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने बाई भिंत धरत धरत बाहेर आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"जोडा ती तार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग सुनेला, "दाब गं. मला बघू दे."

दिवे लागले. बाईंचा मानेचा पट्टा लाल दिसला.

"इतके दिवस तुला बोलले," त्या म्हणाल्या. "ते आता कुठे ठेवू मी?"

सून खाली उतरली, सासूचा कोपर धरला, "गारठा पडलाय, आत चला," म्हणाली, आणि दोघी आत गेल्या.

पुढे सून नवऱ्याकडे राहायला गेली. निघताना बाबा किल्ली घेऊन उभे होते. "नको बाबा, बसने जाते," ती म्हणाली. रागाने नाही. पण माझं दार उघडायला तिचा हात उठला नाही. त्या दिवसापासून बाबांनीही मला चालवलं नाही, आणि रंगाचा डबा उघडला नाही.

म्हणून हात जोडून सांगते मित्रांनो, तुमच्या घरातली गाडी कितीही जुनी असो, तिचा छोटासा दिवासुद्धा उद्यावर टाकू नका. घरचं कुणी म्हणालं, "जरा मागे उभा राहून बघ रे," तर कंटाळू नका, जा. आणि दिवा लागलेला दिसला की त्या सुनेची आठवण काढा. एक म्हातारा जीव तिच्यामुळे आपल्या घरी चालत गेला. तिचा पाय अगदी वेळेवर पडला होता. तिला ते तेव्हा कुणीच सांगितलं नाही.