माऊसला हात लावायचा नाही

अमेरिकेतल्या रेडमंड गावच्या लायब्ररीत दर शनिवारी उल्का लोकांना त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकट आणि सगळ्यांना खुली असलेली सिस्टिम शिकवायची. तिचा नियम एकच, पण कडक होता: शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त तोंडाने सांगायचं. घरोघरी मुलं "बाबा, द्या इकडे" म्हणत माऊस हिसकावून घेतात आणि वर बाबांना काही येत नाही म्हणून हसतात, याची तिला भयंकर चीड होती.

पंडितकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना माऊस धरायचीही धास्ती वाटायची. पण मुलाने अडगळीत टाकलेला लॅपटॉप घेऊन ते चिकाटीने येत राहिले. त्यावर लिनक्स त्यांनी स्वतः इन्स्टॉल केलं, आणि आज तर ते एका नव्या बाईंना शिकवत होते.

बाईंना वायफाय काही सापडेना. "वर उजव्या कोपऱ्यात बघा, घाई नाही," काका म्हणाले. स्क्रीनवर बाईंच्या माऊसचा बाण भलतीकडेच फिरत राहिला. उल्काला राहवेना. ती वाकली आणि माऊसकडे हात नेत म्हणाली, "द्या इकडे, मी पटकन करून देते."

काका मध्ये आले. "उल्का, हात मागे," ते म्हणाले. "जमतंय त्यांना."

तिने हात पाठीमागे बांधले. थोड्या वेळाने वायफाय लागलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उल्काचा ऊर भरून आला, पण तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. काका बघत होते, आणि तिचे हात अजून पाठीमागेच होते.