एक्केचाळीस नंबरचं नाणं

अण्णांना दिसत नाही, ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती: अण्णांना, त्यांच्या मुलाला आणि सुनेला. अगदीच दिसत नव्हतं असं नाही. समोरचा माणूस दिसायचा, पण त्याचं नाक दिसायचं नाही. कडेकडेचं सगळं दिसे आणि नेमकं मधलं पुसून गेलेलं असे. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं आणि आता आहे ते जपा म्हणाले. दुसऱ्या कुणाचं तेवढ्यावर भागलं असतं. पण अण्णा म्हणजे जुन्या ग्रीक आणि रोमन नाण्यांबाबत पंचक्रोशीतला शेवटचा शब्द. ते ज्या नाण्याला खरं म्हणत ते खरं. ज्याला खोटं म्हणत ते खिशात टाकून माणूस मुकाट्यानं घरी जाई. असा माणूस नाणं हातात धरतो आणि त्यावरचा चेहराच त्याला दिसत नाही, हे बाहेर फुटलं असतं तर संग्राहक मंडळानं आठवड्याभरात त्यांचा निरोपाचा सत्कार उरकून घेतला असता.

त्यावर तोड सुनेनं काढली होती. कोणी नाणं घेऊन आलं की ती तबक आणि भिंग घेऊन अण्णांच्या डाव्या हाताला उभी राही आणि प्रश्न विचारी. "अण्णा, डोक्यावर सूर्यकिरणांसारखा मुकुट आहे, म्हणजे हे दुप्पट किमतीचं नाणं ना?" अण्णा अंगठ्यानं नाणं चाचपत म्हणत, "बरोबर. शिकतेयस हळूहळू." आलेला माणूस कौतुकानं मान डोलावी: सासरा सुनेला शिकवतोय, अशी घरं राहिली कुठे आता. अकरा वर्षं ती अशी हळूहळू शिकत होती.

खरं तर तिला शिकायचं फारसं काही राहिलेलं नव्हतं. लग्नाआधी ती औषधांच्या प्रयोगशाळेत वजनं घ्यायच्या कामावर होती. ग्रॅमचा शंभरावा भाग चुकला तर तिला जेवण गोड लागत नसे. सासरी आली तेव्हा तीनशे बारा नाणी लाकडी कप्प्यांत पडलेली होती, कुणाचं वजन लिहिलेलं, कुणाचं नाही. तिनं सगळी तोलली, मापली, दोन्ही बाजूंचे छाप एकमेकांशी कसे वळलेत ते नोंदवलं. ग्रीक अक्षरं ती मुलांच्या उजळणीसारखी गिरवून शिकली. ग्रीक नाण्यांवरच्या घुबडाच्या डोळ्यांवरून आणि देवीच्या शिरस्त्राणावरच्या पानांवरून नाणं लवकरचं की उशिराचं, हे ती भाजी निवडता निवडता सांगू शकत असे. नवरा म्हणे, तुला या मेलेल्या राजांमध्ये काय गोडी आहे कोण जाणे. त्याला पगार, क्रिकेट आणि शांतता एवढ्या तीनच गोष्टी लागत.

तिनं एक चूक मात्र केली होती, आणि ती तिच्या जुन्या नोकरीमुळेच झाली. प्रयोगशाळेत नियम असा, की बाटलीवर नवं लेबल लावलं की जुनं फाडून टाकायचं. दोन लेबलं म्हणजे गोंधळ. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं अण्णांच्या हातची पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेली, नाण्यांसोबतची तिकिटं सुरेख अक्षरात उतरवून काढली आणि जुनी केराच्या डब्यात टाकली. तीनशे बारा. अण्णा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. नाण्याबरोबरचं जुनं तिकीट म्हणजे त्याचा जन्मदाखला. ते नाणं कुणाकडून आलं, कधी आलं, कुणी ओळखलं, हे सगळं त्यावर असतं. संग्राहक एकवेळ घरचं सोनं टाकील पण जुनं तिकीट टाकणार नाही. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे अण्णांचा राग गेला, पण पाहुण्यांसमोर तो किस्सा सांगून हसवायची सवय गेली नाही.

तिची हौस एकच होती. अण्णांच्या संग्रहाचं पुस्तक निघायचं होतं, आणि त्यावर आपलंही नाव हवं. अण्णांच्या नावाखाली, लहान अक्षरात चालेल, पण हवं. हे तिनं तोंड उघडून एकदाच म्हटलं होतं आणि अण्णांनीही तेव्हा, "तुझं नाही तर कुणाचं?" असं म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर तिनं चार वर्षं काम केलं. तीनशे बारा वर्णनं तिनं लिहिली, छायाचित्रांचे क्रम तिनं लावले, छापखान्यातून आलेले कच्चे कागदही तिनंच तपासले. त्या कागदांत पहिल्या पानावर आभार होते. मंडळाचे अध्यक्ष, छायाचित्रकार, छापखान्याचे मालक, सगळे नावानिशी. शेवटची ओळ होती: घरच्या मंडळींचे सहकार्यही मोलाचे.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. शुद्धलेखनाची चूक नव्हती. तिनं कागद पुढे सरकवला आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागली. अण्णांना तिनं विचारलं नाही, आणि न सांगता अण्णांनाही कळलं असावं, कारण जेवताना ते आपणहून म्हणाले, की ही मंडळाची आवृत्ती आहे, त्यात अध्यक्षांचं चालतं. दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव थेट कव्हरवर. ज्या पुस्तकाच्या तीनशे प्रती खपायला दहा वर्षं लागणार, त्याची दुसरी आवृत्ती. तिला हसू आलं आणि त्याच घासाला ठसकाही लागला.

कव्हरवर एक्केचाळीस नंबरचं नाणं होतं. एका रोमन बादशहाचं, चांदीचं. हा गृहस्थ गादीवर टिकला जेमतेम तीन महिने, पण तेवढ्यात स्वतःची नाणी पाडून घ्यायला विसरला नाही. फार थोडी उरली आहेत म्हणून मोल मोठं. अण्णांनी ते तिच्या लग्नाच्या सहा वर्षं आधी मिळवलं होतं आणि त्यांचं नाव झालं ते त्या नाण्यामुळे. तिनं पहिल्यांदा तोललं तेव्हा ते असायला हवं त्यापेक्षा हलकं भरलं होतं. तिनं विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, झिजलंय. दोन हजार वर्षांनी तूही झिजशील. तिनं ते वजन तसंच लिहून ठेवलं आणि विषय सोडला.

प्रकाशनाला पंधरा दिवस उरले असताना दातांच्या डॉक्टरांनी अण्णांच्या फोनवर एक छायाचित्र पाठवलं. हे डॉक्टर मंडळातले हौशी आणि भिडस्त गृहस्थ. त्यांना त्याच बादशहाचं नाणं मिळालं होतं आणि अण्णांचं मत हवं होतं. अण्णांचा फोन वाचायचं कामही सुनेकडेच. तिनं छायाचित्र मोठं केलं. बादशहाच्या कानामागे एक खोच होती. काठाला, हनुवटीच्या खाली, एक बारीक चीर होती. तिनं कप्पा उघडून एक्केचाळीस नंबर काढला. तीच खोच, तीच चीर, केसभरही इकडेतिकडे नाही.

एका ठशानं ठोकून पाडलेली दोन नाणी चेहऱ्यानं सारखी असतात; पण पुढे कुणाला कुठे मार लागला, कुणाचा काठ कसा तडकला, हे ज्याचं त्याचं असतं. दोन माणसांच्या गुडघ्यावर एकाच जागी एकाच आकाराचा व्रण नसतो तसं. इथे व्रणसुद्धा सारखा होता. म्हणजे दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली, दोन्ही नकली. तिनं काठ भिंगाखाली धरला. ओतताना धातूत अडकलेल्या हवेची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं होती. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं ती हे नाणं हाताळत होती आणि अण्णांनी खरं म्हटलेल्या नाण्याचा काठ तपासायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. या गोष्टीची तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं अण्णांना त्याच दुपारी सांगितलं. या वेळी प्रश्न न विचारता सांगितलं. अण्णा बराच वेळ नाणं बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, पुस्तक छापून झालंय. डॉक्टरांना कळव की फोटो स्पष्ट नाही, मत देता येत नाही. तिनं म्हटलं, आपणच आधी सांगून टाकू, त्यात कमीपणा नाही, मोठमोठ्या संग्रहालयांतही असं होतं. अण्णांनी मान हलवली. "घरातलं घरात राहू दे," ते म्हणाले. तिनं फोन घेतला आणि फोटो स्पष्ट नसल्याचं कळवून टाकलं.

व्हायचं तेच झालं. फोटो स्पष्ट नाही म्हटल्यावर डॉक्टर नाणंच घेऊन प्रकाशनाला आले.

सभागृहात शंभरेक माणसं होती. भाषणं झाली, कागद फाडून पुस्तक दाखवलं गेलं, टाळ्या झाल्या. मग डॉक्टर पुढे आले आणि अगदी भोळेपणानं म्हणाले, की आजच्यासारखा योग नाही, कव्हरवरच्या नाण्याचा भाऊच आणलाय, दोघांची भेट घडवू. त्यांनी आपलं नाणं अण्णांच्या तळहातावर ठेवलं. अध्यक्षांनी एक्केचाळीस नंबर पेटीतून काढून शेजारी ठेवला आणि दोन्हीवर वाकून पाहिलं. अध्यक्ष अडाणी नव्हते. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. "अण्णा," ते हळूच म्हणाले, "ही खोच दोन्हीवर कशी?"

अण्णांनी डावीकडे मान किंचित कलती केली. म्हणजे तू विचार. ती तिथेच उभी होती, तबक धरून. तिच्या एका शब्दात अण्णांच्या डोळ्यांचं गुपितही बाहेर पडलं असतं आणि त्यांची पंधरा दिवसांची चुप्पीही. तिला राग होता, आभाराच्या त्या ओळीचा तर होताच. तरी तिनं म्हाताऱ्याला वाट काढून दिली. "अण्णा," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणत होता ना, की हे नाणं पुन्हा तपासायला हवं?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागत होतं. अकरा वर्षं तेवढंच तर म्हणत आले होते.

"मी काय तपासणार?" अण्णा म्हणाले. "माझी नजर अधू झालीय, इतके दिवस लपवलं, आता सांगतो. या नाण्याची ओळख माझी नाही. हिची आहे. तिकीट बघा, अक्षर कुणाचं आहे ते."

तिकीट पाहिलं गेलं. अक्षर तिचंच होतं, सुरेख आणि स्वच्छ. ती म्हणाली, की हे नाणं तिच्या लग्नाआधीपासून घरात आहे, तिनं फक्त तिकीट उतरवून काढलं. जुन्या मंडळींना ते ठाऊक होतं, पण अण्णांना खोटं कोण पाडणार? कुणीतरी विचारलं, मग मूळ तिकीट कुठे आहे? त्यावर मागे दोघंतिघं हसली. तिनं जुनी तिकिटं केरात टाकल्याचा किस्सा अण्णांनी मंडळात कितीदा तरी सांगितला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत बसून पुस्तकाची पानं चाळत होता. अण्णांना मात्र लोकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बिचारे, डोळे गेले आणि विश्वास ठेवला घरातल्यावर.

घरी आल्यावर तिनं अण्णांना विचारलं, असं का केलंत? अण्णा म्हणाले, "तुला कुठे मंडळात तोंड दाखवायचंय? माझं सगळं आयुष्य आहे त्यात." हे ते रागानं म्हणाले नाहीत, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. तेच तिला जास्त लागलं. त्यांना खरंच वाटत होतं, की तिच्याकडे गमावण्यासारखं काही नाही. अकरा वर्षं ज्या माणसाच्या शेजारी उभी राहिले त्याला मी कडेकडेचीसुद्धा दिसले नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ती भांडी घासता घासता रडली.

मंडळानं तीनशे प्रती रद्द केल्या नाहीत. खर्च कोण सोसणार? कव्हरवरचं चित्र छान आहे, तेवढं राहू द्या, असं ठरलं, आणि आत अठ्ठावन्नाव्या पानावर चिकटवायला एक छापील पट्टी काढली. नाणे क्रमांक एक्केचाळीस हे ओतीव नक्कल असल्याचे आढळले आहे. सदर नाण्याची ओळख पुढील व्यक्तीने केली होती. आणि खाली तिचं नाव. तिचं, नवऱ्याचं, आडनावासकट, ठळक अक्षरात. तीनशे पट्ट्या आणि तीनशे पुस्तकं अध्यक्षांनी टेम्पोनं घरीच पाठवली, कारण असलं काम ती नीट करते हे सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं एक पट्टी उचलून वाचली. "नाव तर आलं शेवटी," तो म्हणाला. त्याला वाटलं, विनोद झाला.

तिनं नाही म्हटलं नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर पट्ट्या वाकड्या बसल्या असत्या. ती रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसे, पट्टीला गोंद लावी, पानाच्या कडेला समांतर ठेवी आणि फडक्यानं दाबी. दुसऱ्या दिवशी एकशे दहावं पुस्तक हातात असताना बाहेरच्या खोलीतून अण्णांची हाक आली. कोणीतरी लांबून नाणं घेऊन आलं होतं; सभागृहातली हकिकत त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

ती हात पुसून गेली आणि सवयीनं डाव्या हाताला उभी राहिली. अण्णांच्या तळहातावर चांदीचं ग्रीक नाणं होतं. एकीकडे चार घोड्यांचा रथ, दुसरीकडे देवीचा चेहरा, भोवती मासे. तिनं वाकून काठ पाहिला, अक्षरं वाचली. नाणं अस्सल होतं, आणि त्याच्या तोडीचं दुसरं या घरात कधी आलं नव्हतं. अण्णा अंगठा फिरवत होते. त्यांनी मान डावीकडे किंचित कलती केली.

आलेला माणूस आधी अण्णांकडे आणि मग तिच्याकडे पाहू लागला.

"अगं, विचार ना," अण्णा म्हणाले. "शिकायचंय ना तुला?"

"मला यातलं काही कळत नाही, अण्णा," ती म्हणाली. "पुस्तकात छापूनच आलंय तसं."

ती टेबलाशी परत आली. तिनं अठ्ठावन्नावं पान उघडलं आणि पट्टीला गोंद लावला.