टेबलाची उजवी बाजू

चौसाळ्याच्या पुढच्या एका गावात बायकांचं वाचनालय वैजिनाथअप्पांच्या बंद पडलेल्या दुकानात भरायचं. देशी दारूचं दुकान हटवायचं इथंच ठरलं होतं. वाचनालय चालवणारी ईश्वरी अप्पांची सून, भौतिकशास्त्र शिकलेली. वर्तमानपत्र एकच यायचं. ते बुटक्या टेबलावर पसरायचं आणि चारी बाजूंनी बायका बसायच्या, जिची तिची जागा ठरलेली. बऱ्याच जणी अक्षरंही तिथंच शिकल्या. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या बायकांना सरळ कागद वाचता येत नसे. हातात आला की त्या आधी तो पाव वळसा फिरवून घेत. यावर सगळ्या हसत.

उद्या मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडवीवर पडायला हवा होता. ऊसतोडीला गेलेल्या यादीत होत्या, गावात नव्हत्या. राहिलेल्यांपैकी एकही मत चुकून चालणार नव्हतं. दुकानबंदीचा ठराव पडला तर ही खोलीही बंद करायचं बघावं लागेल, असं दारू दुकानदाराचे चुलते अर्जुनराव चहा पिता पिता अप्पांना सांगून गेले होते.

महिनाभर ईश्वरीने टेबलावर खरी रिकामी बाटली ठेवून दाखवलं होतं. ही उभी, ही आडवी. आज संध्याकाळी तिने पहिल्यांदा कागदावर चित्रं काढली आणि डाव्या बाजूला बसणाऱ्या जानकीबाईंना दिली. जानकीबाईंनी कागद सवयीने फिरवला आणि उभ्या बाटलीवर बोट ठेवलं.

“ही बघा, पडली.”

ईश्वरीने टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. खरी बाटली आडवी केली की कुठूनही आडवीच दिसते. चित्राचं तसं नाही. समोर बसणाऱ्यांना भीती नव्हती. त्यांनी कागद उलटा धरला तरी आडवी आडवीच राहणार. पण डावी आणि उजवी बाजू मिळून जवळपास निम्मं वाचनालय होत होतं.

तिने घरोघर निरोप धाडले. आलेल्या सगळ्यांना टेबलाच्या एकाच बाजूला, कागद सरळ दिसतो त्या तिच्या स्वतःच्या जागेशी, खेटून बसवलं आणि कागद फिरवायचा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

“पंगत बसवली, आता वाढा की ताई,” सत्यभामा म्हणाली.

ईश्वरीला हसू आलं नाही. जानकीबाईंचा हात अजूनही फिरत होता. हात ऐकत न्हाई, असं त्या स्वतःच म्हणाल्या. आणि उजव्या बाजूची बायनाबाई आलीच नव्हती. ती दर्शनाला नारायणगडावर गेली होती, फोन लागत नव्हता.

सकाळी शाळेबाहेर आखलेल्या रेषेपलीकडे ईश्वरी उभी राहिली. प्रचार बंद, तोंड उघडायची सोय नव्हती. जानकीबाई मत देऊन बाहेर पडल्या. त्या आपणहून तिच्याजवळ आल्या.

“हात फिरलाच बघा. मग म्हणलं, आज ताईच्या जागेवर बसायचं. मनातच बसले, अन् कागद परत फिरवला.”

तेवढ्यात जीप थांबली. बायनाबाई कपाळावर बुक्का घेऊन उतरली ती थेट रांगेकडे निघाली. ईश्वरीने पाऊल उचललं आणि पोलिसाकडे बघून मागे घेतलं. जानकीबाई मात्र बायनाबाईच्या अंगावरूनच गेल्या.

“बायने, आत कागद देत्यात. आज ताईच्या जागेवरून बघ.”

पोलिसाने हटकलं. बसायच्या जागेचं बोलतीया, असं जानकीबाईंनी त्याला सांगितलं. त्याने इकडंतिकडं खुर्ची शोधली.

“तिथं लई ऊन लागतं की,” बायनाबाई म्हणाली आणि रांगेत शिरली.

तिला कळलं की नाही, ईश्वरीला सांगता आलं नसतं. रांग सरकत राहिली. अखेर वर्गाच्या उघड्या दारातून तिला बायनाबाई मतदानाच्या टेबलाशी गेलेली दिसली. पुठ्ठ्याच्या आडोशाखाली फक्त पाय दिसत होते. ते टेबलाच्या उजव्या कडेला होते, रोज बसायची तिथंच.

 पाय हलले नाहीत. मग एक पाय सरकला, त्यामागे दुसरा, आणि दोन्ही टाचा दाराकडे करून बायनाबाई टेबलासमोर सरळ उभी राहिली.