गावदेवीचं फडकं

दसऱ्यापासून त्या लोडरला काय रोग जडला होता, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. गंगारामची तर मतीच गुंग झाली होती. मुंबईच्या गोदीत उमेदीची वर्षं यंत्रं हाकून तो राजापूरजवळच्या आपल्या गावी परतला. त्याच सुमारास चिरेखाणीच्या मालकानं गोदीतूनच मोडीत निघालेला हा छोटा लोडर आणला आणि गंगारामला त्याच्यावर बसवलं. म्हशीएवढं यंत्र, जागच्या जागी गर्रकन फिरणारं, पण म्हातारं आणि खोडीचं. सकाळी चालू केलं की शहाण्यासारखं चिरे उचलायचं. थोडं काम झालं की मात्र बकेटला तेलाचा जोर देणारा पंप रडायला लागायचा, बकेट वर जायला का कू करायची आणि शेवटी थरथरत मध्येच अडायची.

गंगारामनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? तेल बदललं. जाळी धुतली. नळ्यांचे जोड आवळले. शेवटी राजापुरातून रावजी मिस्त्रीला एस्टीनं आणवलं. रावजीनं मागच्या टाकीचं झाकण उघडून तेल पाहिलं, झाकण लावलं, यंत्र चालू केलं, आणि मेलं ते गुमान बकेट उचलायला लागलं!

"पंप गेलाय ह्याचा," रावजी म्हणाला. "नवा आणा."

"गेलाय तर आता चालतोय कसा?"

"म्हातारं माणूस पाहुणा आला की उठून बसतंच की नाय? तसा."

रावजी चहा पिऊन गेला आणि संध्याकाळी पंप पुन्हा रडायला लागला.

त्या टाकीच्या झाकणावर सगुणानं, म्हणजे गंगारामच्या बायकोनं, दसऱ्याला एक तांबडं फडकं बांधलं होतं. गावदेवीला गाऱ्हाणं घालून आणलेला अंगारा त्यात होता. सगुणाही त्याच खाणीत चिऱ्यांचा चुरा उपसायला यायची. कड्याखाली यंत्र घेऊन शिरणारा नवरा तिला रोज दिसायचा आणि तिचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून ते फडकं. गंगाराम झाकण उघडताना आधी फडकं सोडून कपाळाला लावायचा आणि काम झालं की परत बांधायचा. वर लाल धूळ बसून विटू नये म्हणून झाकणासकट प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तारेनं आवळायचा. देवीचं म्हटल्यावर हयगय करून कसं चालेल?

आणि मग त्या दुपारी कडा ढासळला.

जेवणं उरकून माणसं नुकती खाली उतरली होती. आवाज काही फार मोठा झाला नाही, पण जांभ्याची एक अख्खी लादी सुटून आली आणि सगुणाचा धाकटा भाऊ रघू तिच्याखाली सापडला. गुडघ्याखालचा पाय लादीखाली, बाकी सगळा बाहेर. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं तिनं त्याला! ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि माणसं पहारी घेऊन लादीला भिडली. लादी हलेना. वर कड्याला चीर गेलेली, तिच्यातून माती झरत होती.

गंगारामनं लोडर पुढं घातला. सकाळपासून राबलेलं यंत्र. तो मनात म्हणाला, आज रडू नकोस रे बाबा, उद्या हवा तेवढा रड. बकेटचे दात लादीखाली सारले आणि पेडल दाबलं. लादी वीतभर उचलली.

"ओढा!"

"पाय खाचेत अडकलाय! आणखी वर घे!" खाणीतला बाबू ओरडला. रघूच्या पायापाशी तोच होता.

गंगारामनं पेडल आणखी दाबलं आणि पंपानं गळा काढला. बकेट थरथरली, अडली, आणि हळूहळू खाली बसायला लागली. बाबूनं खाली चिरा सारला, तो तिरक्या लादीखाली टिकेना, चुरा होऊन निसटला.

"भावजी, बसतीय ती!" रघू किंचाळला.

गंगारामनं पेडलवरचा पाय काढला तर लादी झटक्यात बसणार. उतरावं तर वाट पुढूनच, आणि पुढं लादी. एक पाय पेडलवर रोवून तो बसल्या जागी विचार करू लागला. हे मेलं बरं होतं तरी कधी? तेल बदललं तेव्हा. जाळी धुतली तेव्हा. रावजी आला तेव्हा. त्या प्रत्येक वेळी केलं काय? झाकण उघडलं! नुसतं झाकण! रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडते, वारा आत शिरायला दुसरं पाडावं लागतं. टाकीचं ते दुसरं भोक झाकणात होतं. आणि त्या झाकणावर...

"सगुणा! मागं जा! टाकीवरचं फडकं तोड, झाकण उघड!"

सगुणानं वर पाहिलं. आधी नवऱ्याकडं, मग त्याच्या डोक्यावर लोंबणाऱ्या कड्याकडं.

"देवीचं हाय ते! तुमच्यासाठी बांधलंय!"

"अगो तोड! त्या टाकीला वारा मिळत नाय! रघूचा पाय जाईल!"

भावाचं डोकं खाली ठेवून ती मागच्या टाकीकडं धावली. तार निघेना. दातानं ओढली, ओठ फाटला, पिशवी टराटरा फाडली, फडकं उपटलं आणि झाकण फिरवलं. टाकीनं सूंऽऽ करून असा वारा ओढला की तिनं दचकून हात मागे घेतला.

पंपाचं रडणं थांबलं. बकेट आधी चाचपडली आणि मग सरसर वर निघाली. बाबूनं काखेत हात घालून रघूला बाहेर खेचला. गंगारामनं लादी सोडून लोडर मागे घेतला, तेव्हा टपावर ढेकळं ताडताड पडत होती.

रघूची नडगी फुटून रक्त वाहत होतं, पण पावलाची बोटं हलत होती. सगुणानं मुठीतलं तांबडं फडकं झटकलं, अंगारा त्याच्या कपाळाला लावला आणि त्याच फडक्यानं पाय करकचून बांधला. माणसांनी त्याला ट्रकात घातला.

मग ती वळली. फाटकी पिशवी आणि तार तिनं उचलून गंगारामसमोर धरली. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

"मी नुसतं फडकं बांधलेलं. एक सैल गाठ. ह्ये कुणाचं?"

"माझं," गंगाराम म्हणाला. "धुळीनं खराब झालं असतं ना गो."

सगुणानं ती पिशवी त्याच्या हातात कोंबली.

"त्यानं तुमाला जपावं म्हणून बांधलं होतं मी," ती म्हणाली. "तुमी त्यालाच जपत बसलात!"

आणि ती ट्रकात चढून भावाशेजारी बसली.